‘हे तारवात राहिले नाहीत तर…’ : देवावर सोपवणं आणि आपल्या वाट्याचं काम

मोहरीचा_दाणा:
प्रभूमध्ये सर्वांना नमस्कार. आजच्या मननासाठी प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७. जमलं तर आधी तो अध्याय वाचून घ्या. ४४ वचनं आहेत, पण वाचताना कळतही नाही.

पौल कैदी म्हणून रोमला चाललाय. धान्य भरलेलं अलेक्झांड्रियाचं तारू, हिवाळा तोंडावर. पौल आधीच बजावतो की आता निघालात तर माल आणि तारूच काय, जीवही धोक्यात येतील. शताधिपती (शंभर शिपायांवरचा रोमी अधिकारी) ते ऐकत नाही, तांडेलाचं आणि तारवाच्या मालकाचं ऐकतो. (मला त्याचा राग येत नाही. समुद्रावर आयुष्य काढलेल्यांना सोडून तंबू शिवणाऱ्या कैद्याचं कोण ऐकेल?) मग वादळ. दिवसच्या दिवस ना सूर्य, ना तारे. आता वाचण्याची आशाच उरली नाही, असं या पुस्तकाचा लेखक लूक सरळ लिहून टाकतो. त्या अवस्थेत एका रात्री देवदूत पौलाला सांगतो की तू कैसरापुढे (रोमच्या सम्राटापुढे) उभा राहणार आहेस आणि तुझ्याबरोबरचे सगळे जीव देवाने तुला दिले आहेत. पौल सगळ्यांना जाहीर सांगतो: तारू जाईल, माणूस एकही जाणार नाही.

इथवर ठीक. आता चौदाव्या रात्री खलाशांना जमीन जवळ आल्याची चाहूल लागते. ते बुडीद (खोली मोजायचं वजन बांधलेली दोरी) टाकतात, २० वाव पाणी. थोडं पुढे गेल्यावर १५ वाव. खडकावर आपटू या भीतीने ते वरामाकडून (तारवाच्या मागच्या टोकाकडून) चार नांगर सोडतात. मग तेच खलाशी नाळीकडून (पुढच्या टोकाकडून) आणखी नांगर टाकायचं सोंग करून होडी खाली सोडू लागतात. पळून जायचा बेत. पौलाच्या ते लक्षात येतं आणि तो शताधिपतीला व शिपायांना सांगतो: हे लोक तारवात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही.

मी दर वेळी इथे अडते. देवाने शब्द दिलाय ना? मग ‘तर वाचणार नाही’ कुठून आलं? पौल म्हणू शकला असता, जाऊ द्या त्यांना, मला देवदूत भेटलाय. तसं तो म्हणत नाही, होडीवर नजर ठेवून असतो. मला वाटतं, देवाने सगळ्यांचे जीव राखायचं वचन दिलं तेव्हा ते कोणाच्या हातून राखायचे हेही त्यात आलं. तारू हाकता येणारे हात तारवातच हवे होते. शिपाई दोर कापतात, होडी समुद्रात सोडून देतात. त्यानंतर पौल सगळ्यांना जेवायला बसवतो. चौदा दिवस धड अन्न पोटात नाही, अंगात बळ नसेल तर किनारा गाठणार कसा! २७६ माणसं जेवतात आणि उरलेला गहू समुद्रात टाकून तारू हलकं करतात.

आणि पुढच्या अध्यायाची सुरुवात विसरू नका. सगळे माल्टा बेटावर पोचलेत, पाऊस आहे, थंडी आहे. ज्याला रात्री देवदूत भेटला होता तो पौल शेकोटीसाठी काटक्या गोळा करतोय.

आता विचारायचं ते असं. ‘प्रभूवर सोपवलं’ हे आपण दिवसातून कितीदा म्हणतो. कधी तो खरा भरवसा असतो. कधी मात्र जो फोन आपणच करायचा असतो, जी माफी आपणच मागायची असते, जो अर्ज आपणच भरायचा असतो, तो प्रार्थनेच्या यादीत टाकून आपण हात झटकतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. स्वतःच्या बाबतीत हा फरक तुम्ही कसा ओळखता?

वल्हेकरी:
छान लिहिलंयस ताई. नहेम्या ४:९ बघ. आम्ही देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा ठेवला. दोन्ही एकाच वाक्यात, मध्ये ‘पण’ नाही. पुढे एका हाताने काम आणि दुसऱ्या हातात शस्त्र, असं करत यरुशलेमची भिंत ५२ दिवसांत उभी राहिली.
शिवाय निर्गम १४:१५. पुढे समुद्र, मागे फारोचे रथ, आणि देव मोशेला विचारतो की माझा धावा काय करतोस, लोकांना पुढे चालायला सांग. देवच म्हणतो, प्रार्थना पुरे, आता चाला.

शंकासूर:
मी चर्चमध्ये वगैरे जाणारा नाही, पण इथलं वाचत असतो. एक साधी शंका. खलाशी थांबले म्हणून लोक वाचले, तर मग देवदूताचं काम काय? आपल्याकडे ‘प्रयत्नांती परमेश्वर’ म्हणतात, तेवढं म्हटलं की झालं. नाहीतर दुसरं टोक आहेच, असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी.

मोहरीचा_दाणा:
शंकासूर, तुमची शंका आवडली. पण ‘प्रयत्नांती’ म्हणायचं तर या गोष्टीत प्रयत्न आधीच संपलेत. अध्यायाचा मधला भाग परत वाचा. खलाशांनी तारवाला दोर आवळले, माल फेकला, तिसऱ्या दिवशी स्वतःच्या हातांनी तारवाचं सामान समुद्रात टाकलं. माणसाला करता येण्याजोगं सगळं झालं आणि त्यानंतर आशा सुटली. वचन येतं ते या वळणावर. आणि ते आल्यावर काम थांबत नाही, उलट लोक जेवतात, उठतात, परत कामाला लागतात. ज्याला बुडायचंच आहे तो गहू कशाला फेकत बसेल?

आणखी एक. शेवटी तारू वाळूत रुततं तेव्हा कैदी पोहून पळतील म्हणून शिपाई त्यांना मारून टाकायला निघतात. शताधिपती त्यांना अडवतो. पौलाच्या कुठल्या प्रयत्नाने ते घडलं? मग ज्यांना पोहता येतं ते उड्या टाकतात आणि बाकीचे फळ्यांवर, तारवाच्या तुकड्यांवर तरत येतात. पोहता न येणाऱ्यांचं काय, हे तुमच्या म्हणीत कुठे बसतं ते सांगा.

शंकासूर:
फळ्यांचा मुद्दा मान्य. देवदूताचं अजून ठरवलेलं नाही. 🙂

केवळ_कृपा:
ताईंचा हेतू चांगला आहे, पण इथे सावध राहायला हवं असं मला वाटतं. ‘आपल्या वाट्याचं काम’ म्हणता म्हणता आपण कर्माने तारण (पापातून सुटका) मिळवण्याच्या वाटेला कधी लागतो ते कळत नाही. इफिसकरांस २:८-९ स्वच्छ सांगतं: तारण कृपेने, विश्वासाद्वारे, ते देवाचं दान आहे, कोणी बढाई मारू नये म्हणून कर्मांनी नाही. माझ्या ओळखीत कितीतरी जण आहेत जे दिवसभराचा हिशेब मांडून रात्री घाबरून झोपतात, की आज देव आपल्यावर खूश आहे की नाही. त्यांना आणखी जबाबदारी सांगायची गरज नाही, क्रूसाकडे बघायला सांगायची गरज आहे.

फिरस्ता:
केवळ_कृपा, तुमच्या वचनाचा पूर्ण मान राखून सांगतो, नवव्या वचनाला थांबू नका. दहावं म्हणतं की आपण सत्कृत्यांसाठी ख्रिस्त येशूमध्ये निर्माण केलेले आहोत आणि ती कृत्यं देवाने आधीच तयार करून ठेवली आहेत, आपण ती आचरावीत म्हणून. आधी तारण, मग काम, हा क्रम उलटा करायचा नाही एवढंच. पण क्रम सांभाळायचा म्हणून दुसरा भाग गाळायचाही नाही.

हा वाद काही आजचा नाही. पाचव्या शतकात पेलागियस नावाचा ख्रिस्ती शिक्षक म्हणत होता की माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीवर चांगला वागू शकतो. बिशप ऑगस्टीन त्याच्याशी भांडला आणि ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलागियसची शिकवण नाकारली. त्यानंतर अकराशे वर्षांनी दुसऱ्या बाजूने ताण आला. ‘कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे’ म्हणणारं याकोबाचं पत्र प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरला पटत नव्हतं. १५२२ च्या त्याच्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने त्याला चक्क गवताचं पत्र म्हटलं. पण बायबलातून काढून मात्र टाकलं नाही. आणि ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक आणि ल्यूथरन मंडळ्यांनी याच विषयावर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. स्वीकार होतो तो केवळ कृपेने, आपल्या कोणत्याही पुण्याईने नाही, आणि तीच कृपा आपल्याला सत्कृत्यांसाठी सिद्ध करते, असं त्यात दोघांनी मिळून म्हटलंय. ज्या मुद्द्यावरून मंडळी दुभंगली त्यावर एवढं एकमत व्हायला पावणेपाचशेहून अधिक वर्षं लागली, तर इथे दोन प्रतिसादांत ते होईल अशी माझी अपेक्षा नाही.

केवळ_कृपा:
दहावं वचन मी गाळत नाही हो. पण आज व्यासपीठावरून ऐकू येतं ते बहुतेक दहावंच, आठवं-नववं मागे पडतं. माझी तक्रार तेवढीच आहे.

वल्हेकरी:
+१ दोघांनाही.
आता जरा गमतीचं. जबाबदारी झटकायची परंपरा आपल्याकडे पार एदेन बागेपासून आहे. आदाम म्हणतो, तू मला दिलेल्या स्त्रीने फळ दिलं. एका दमात बायको आणि देव दोघांवर ढकललं. पण माझा आवडता मोशेचा भाऊ अहरोन. निर्गम ३२ मध्ये लोकांचं सोनं घेऊन तो वासरू घडवतो, कोरणीने आकार देतो असं चौथ्या वचनात स्पष्ट आहे. मोशेने जाब विचारल्यावर २४व्या वचनात तो काय सांगतो? सोनं आगीत टाकलं, त्यातून हे वासरू निघालं! आपोआप! शिंगांसकट!

शौल राजाची सबब मात्र त्याहून वाईट, कारण ती भक्तीच्या वेषात येते. १ शमुवेल १५. सगळं नष्ट करायची आज्ञा होती आणि उत्तम गुरंमेंढरं राखून ठेवली. शमुवेल संदेष्टा विचारतो, मेंढरांचं बेंबें कानी येतंय ते काय? तर म्हणे लोकांनी ठेवली, तुझा देव परमेश्वर याला यज्ञ करायला. दोष लोकांचा, आणि वर हेतू देवाचा. ‘देवाच्या कामासाठी’ म्हणून हिशेब न देणारे, ‘सैतानाने करवलं’ म्हणून मोकळे होणारे, सगळे शौलाच्याच शाळेतले. याउलट नाथान संदेष्टा दावीद राजाला त्याच्या पापाबद्दल ‘तो मनुष्य तूच आहेस’ म्हणतो तेव्हा दावीद म्हणतो, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे. संपलं. पुढे ‘पण’ नाही. क्षमा मिळाली तरी परिणाम टळले नाहीत, आणि त्यावरही त्याने कुरकुर केली नाही.

ताईंच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर यातच आहे. माझ्या प्रार्थनेत ‘ते’, ‘त्यांनी’, ‘तिने’ फार येऊ लागले आणि ‘मी’ कुठेच नसला की मी थांबतो.

जुनी_वही:
मी रुग्णसेवेत होते, आता निवृत्त आहे. मोहरी, तुझ्या प्रश्नाचं एक रूप मी वॉर्डात बघितलंय ते सांगते. एक बाई वरचेवर दाखल व्हायच्या, रक्तदाब फार वाढायचा. गोळ्या घेता का विचारलं की हो म्हणायच्या. एकदा पलंग आवरताना त्यांचं बायबल माझ्या हातून उघडलं. स्तोत्र ९१ च्या पानावर गोळ्यांची अख्खी पट्टी खुणेसारखी ठेवलेली, एकही गोळी फोडलेली नाही. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की औषध घेणं म्हणजे विश्वासात कमी पडणं.

मी वाद घातला नाही. त्यांच्याजवळ बसून २ राजे २० वाचलं. हिज्कीया राजा मरायला टेकलाय. देव यशया संदेष्ट्याला परत पाठवून सांगतो की मी त्याला बरं करतो, तिसऱ्या दिवशी तो मंदिरात जाईल, त्याच्या आयुष्याची १५ वर्षं वाढवतो. याहून पक्कं वचन कुणाला मिळालंय? आणि लगेच पुढच्या वचनात यशया म्हणतो, अंजिरांची चकती आणा. ती गळवावर बांधली आणि तो बरा झाला. वचनही देवाचं, अंजीरही देवाचं. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग विचारलं, पौलाने कुणाला औषध सांगितलंय का? म्हटलं, आपला तरुण सोबती तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलाय, आणि त्याच्याबरोबर फिरणाऱ्या लूकला तो ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. दुसरा सोबती त्रफिम याला तर तो मिलेतात आजारी सोडून पुढे गेला. त्याचा विश्वास कमी पडला असं कुठे लिहिलंय?

त्यांनी पाणी मागितलं आणि गोळी घेतली. प्रार्थना मी नंतर केली, त्यांच्याच सांगण्यावरून.

कोणी हे वाचत असेल तर हात जोडून सांगते, डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू औषध बंद करू नका.

कंदील:
काकू, तुमचं वाचून धीर आला म्हणून लिहितेय. एरवी अशा चर्चेत मी बोलत नाही.

‘वैयक्तिक जबाबदारी’ हे शब्द मला टोचतात. मला नैराश्याचा आजार आहे, उपचार चालू आहेत. पण मंडळीत कोणाला कळलं की पहिला प्रश्न ठरलेला: सकाळी वचन वाचतेस का? प्रार्थनेत कमी पडतेस का? काही लपलेलं पाप आहे का बघ. म्हणजे आजाराचं ओझं आहेच, वर तो का झाला याचा जाबही मीच द्यायचा. इथे वर सगळे बरोबर लिहिताहेत, पण हीच वचनं माझ्यावर चाबकासारखी वापरली गेली आहेत.

मोहरीचा_दाणा:
कंदील, लिहिलंस हे फार बरं केलंस. मूळ लिखाणात हा भाग यायला हवाच होता, तो तू आणलास.

ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होते. तोंड उघडलं आणि त्याच्या दुःखाचं कारण त्याच्यातच शोधू लागले. शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो. योहान ९ मध्ये जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्यांचा प्रश्न तोच, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून १८ जण मेले, ते काय इतरांपेक्षा जास्त अपराधी होते? त्यालाही तो ‘नाही’ म्हणतो. यहेज्केल १८ सांगतं की ज्याचं पाप त्याच्या माथी. पण म्हणून ज्याचं दुःख त्याचं पाप, असा उलटा हिशेब लावायची मुभा त्यातून कोणालाच मिळत नाही. ‘रिकामटेकड्याने खाऊ नये’ हे पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलं ते धडधाकट असून काम न करणाऱ्या आणि लुडबुड करणाऱ्यांबद्दल. ते आजाऱ्याला ऐकवणं हा वचनाचा गैरवापर आहे.

जुनी_वही:
कंदील बाळा, एलीया संदेष्ट्याचं आठव. झुडुपाखाली पडून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणाला. देवदूताने उपदेश केला नाही, भाकर आणि पाणी दिलं. खाल्लं, परत झोपला. परत उठवून परत खाऊ घातलं. ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न फार पुढे, होरेबाला पोचल्यावर. आज तुझ्या वाट्याला गोळी, जेवण आणि झोप असेल तर तेवढंच कर. तपासायला येणाऱ्यांना माझा निरोप सांग, डबा घेऊन या.

कंदील:
😊 निरोप पोचवते. डब्यात काय हवं तेही सांगते.

केवळ_कृपा:
मी सुरुवातीला म्हणत होतो ते हेच. काकूंनी जास्त चांगलं सांगितलं.

नवा_शिष्य:
माझा प्रश्न साधा आहे, कदाचित या चर्चेत बसणार नाही. बाप्तिस्मा होऊन फार काळ झाला नाही. आमच्या मंडळीतल्या एका भावाने माझ्याकडून उसने पैसे घेतले. मुदत उलटून गेली. विचारलं की म्हणतो, प्रार्थनेत ठेव, प्रभू दार उघडेल. दर वेळी तेच. मागितले तर मी अविश्वासू ठरतो का? तो नोकरीला आहे, अडचणीत आहे असंही दिसत नाही. गलतीकरांस ६ मध्ये एकमेकांची ओझी वाहा असं आहे आणि तीनच वचनांनंतर प्रत्येकाने आपापला भार वाहावा असंही आहे. यातलं मला कुठलं लागू?

शंकासूर:
त्याला कळवा, प्रभूने दार उघडलंय. आत या, पैसे टेबलावर ठेवा.

वल्हेकरी:
शंकासूर 😂 यावर मी आमेन म्हणतो.

फिरस्ता:
नवा_शिष्य, मागा. स्तोत्र ३७:२१ उसनं घेऊन परत न करणाऱ्याला दुर्जन म्हणतं, मागणाऱ्याला नाही. जकातदार जक्कयाच्या घरी तारण आलं त्या दिवशी तो काय म्हणाला? कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. मोशेच्या नियमशास्त्रात तर भरपाईबरोबर पाचवा हिस्सा वर द्यायचा (गणना ५:७). २ राजे ४ मधली विधवा घ्या. अलीशाच्या सांगण्यावरून तिने शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून रिकामी भांडी आणली, तेल वाढलं, चमत्कार झाला. आणि संदेष्टा काय सांगतो? तेल वीक, कर्ज फेड, उरेल त्यावर तू आणि तुझी मुलं जगा. चमत्काराच्या तेलातूनसुद्धा आधी सावकाराचं देणं.

पद्धत मत्तय १८:१५ ची ठेवा. आधी त्याच्याशी एकांतात बोला, मंडळीत बोभाटा नको. तारीख ठरवून घ्या, हप्त्याने देत असेल तर तसं. आणि गलतीकरांसचं म्हणाल, तर त्याच्यावर खरंच आभाळ कोसळलं असेल तर ओझं वाहा. नोकरीला जाणाऱ्या धडधाकट माणसाचं ठरलेलं देणं हा त्याचा स्वतःचा भार आहे. तो तुम्ही उचललात तर त्याचंही भलं होत नाही.

जुनी_वही:
फिरस्ता, एक भर. मागण्याआधी ‘सगळं ठीक आहे ना?’ एवढं खरोखर विचारून घे म्हणावं त्याला. माणसं नोकरी गेल्याचं घरीसुद्धा लपवतात.

नवा_शिष्य:
हे लक्षात आलं नव्हतं काकू. रविवारच्या उपासनेनंतर भेटतो त्याला. आधी तब्येतपाणी, मग पैसे.

मोहरीचा_दाणा:
मग उद्याचं मनन तुझ्यासाठीच, फिलेमोनाला पत्र. २५ वचनांचं आहे. अनेसिम हा दास फिलेमोनापासून दुरावलाय, पौल त्याला परत पाठवतोय आणि लिहितोय की त्याने तुझं काही नुकसान केलं असेल किंवा तो तुझं देणं लागत असेल तर ते माझ्या नावे मांड, मी पौल स्वहस्ते लिहितो, मी फेडीन.

नवा_शिष्य:
ताई, म्हणजे आता त्याचं कर्ज मीच माझ्या नावावर मांडायचं?? माझेच पैसे, माझ्याच नावावर?

मोहरीचा_दाणा:
नाही रे. 😀 पौलाने हमी दिली ती आपणहून, अनेसिमने मागितल्याचं पत्रात कुठे नाही. आणि हमी घेतली तरी पौल त्याला स्वतःजवळ ठेवून घेत नाही. पत्र हातात देऊन फिलेमोनापुढे त्यालाच उभं राहायला पाठवतो. उद्या सगळ्यांनी तेवढं वाचून या. केवळ_कृपा, सुरुवात तुम्ही करा.

केवळ_कृपा:
करतो. आठव्या वचनापासून, आणि या वेळी मध्येच थांबणार नाही.